अंधार खिडकीला, पाळण्याला नव्हे

घाटकोपरला आजकाल घरात बाळ यायचे असले की पाळण्याबरोबर जाड पडद्यांचीही चौकशी होते. रस्त्यावरचे दिवे आणि समोरच्या टॉवरचे जिने रात्रभर लख्ख असतात, तेव्हा ही काळजी रास्तच आहे. पण बाळाच्या अंधाराला आपल्याकडे एक इतिहास आहे.

जुन्या घरात बाळंतिणीची खोली सर्वांत काळोखी असे. वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी. अंधार भरपूर, पण त्याच्याबरोबर धूर आणि कोंदट हवाही बाळाच्या छातीत जाई.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. दोष काळोख्या चाळींना दिला गेला. काही घरांची कौले काढून ऊन आत सोडले गेले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे एक प्रमुख जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावून धरला. खालच्या मजल्यावरच्या खोलीलाही आकाश दिसावे, एवढे अंतर दोन इमारतींत हवे, हा त्याचा अर्थ. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झाले, तरी 'हवा-उजेड' हा जोडशब्द आपल्या मनात पक्का बसला.

उजेड आणि हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला १९७१ च्या डिसेंबरात कळले. युद्धामुळे ब्लॅकआउट होता. आम्ही काचांना काळा कागद लावला आणि वरची झडप हवेसाठी उघडी ठेवून दिवाच मालवला. घरात चार महिन्यांचा भाचा होता. सायरनने मोठी माणसे जागी राहत, तो मात्र बरेचदा झोपलेला असे.

झोपेशी निगडित मेलाटोनिन हे द्रव्य शास्त्रज्ञांनी १९५८ साली वेगळे काढले. रात्री ते अंधारात वाढते, उजेडाने दबते. तान्ह्या बाळात दिवस-रात्रीची ही लय बसायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून दिवसा खिडकीचा उजेडही तेवढाच हवा.

अजूनही पुष्कळ घरांत अंधारासाठी पाळण्यावरच चादर टाकतात, झोळी साडीने मिटून घेतात. त्याने हवा कोंडते आणि बाळ तापते. पडदा खिडकीला लावावा, त्याची दोरी पाळण्यापासून लांब ठेवावी, पंखा चालू असावा. आजीची काळोखी खोली आणि ऑरसाहेबांची मोकळी हवा, दोन्ही एकाच खोलीत नांदू शकतात.