काडतुसाची गोष्ट

करंज्यात नौदलाचा शस्त्रसाठा डेपो, त्यामुळे दारूगोळ्याचं आम्हाला फारसं अप्रूप नाही. तरी क्रांतिकारकांच्या गोष्टी सांगताना आपण पिस्तुलापाशी थांबतो, काडतूस विसरतो.

आपल्या पनवेलच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८७९ साली उठले, तो जमाना ठासणीच्या बंदुकीचा. दारू कुटायची, शिसं ओतायचं, काम गावातच भागायचं. तीस वर्षांत खिशात मावणारं ब्राउनिंग आलं. त्यात गोळी सुटल्याच्या धक्क्यानेच पुढची गोळी चढते. काडतूस जरा कमजोर निघालं की पिस्तूल अडकलंच! घरी कोण बनवणार असलं? बॉम्बची कृती सेनापती बापटांनी पॅरिसहून आणली, पण काडतुसाला कारखानाच हवा. आणि १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे विकत घ्यायचं तर परवाना!

म्हणून सावरकरांनी १९०९ मध्ये लंडनहून चतुर्भुज अमीनच्या पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग धाडली, सोबत काडतुसंही. त्यातल्याच एकाने अनंत कान्हेरेंनी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला टिपलं. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे, देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेरेंचं वय अठरा. पेटी आणणारा अमीन खटल्यात माफीचा साक्षीदार झाला.