सायनोजेन हे नाव कुणाचं?

२०१५च्या जानेवारीतली गोष्ट. पुण्यातल्या आमच्या होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघं एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसलो होतो. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. ॲमेझॉनवर 'यू युरेका' या फोनचा फ्लॅश सेल होता. किंमत ८,९९९ रुपये, आणि आधी नोंदणी केली असेल तरच खरेदी करता येणार होती. रूममेटने नोंदणी केली होती, घरून पैसे मागवले होते, होस्टेलच्या वायफायवर भरवसा नको म्हणून माझ्या फोनवरून नेट घेतलं होतं. आम्ही तिघं "दाब रे, दाब!" म्हणून ओरडत होतो. त्याने दाबलं, आणि फोन कार्टमध्ये आला.

खोका आल्यावर तो येईल त्याला सांगायचा, "यात सायनोजेन आहे." आम्ही समजून घेतल्यासारख्या माना डोलवायचो. फोन सुटसुटीत होता, थीम बदलता यायच्या, नको ती ॲप्स कमी होती. सायनोजेन म्हणजे फोनवाल्या कंपनीने घातलेलं एखादं फीचर असावं, एवढीच आमची समज. हे नाव एका हौशी प्रोग्रॅमरचं टोपणनाव होतं, त्यामागे जगभरातल्या लोकांनी रात्री जागून फुकट केलेलं काम होतं आणि त्याच नावावरून महिनाभर आधी दिल्ली उच्च न्यायालयात दोन फोन कंपन्या भांडल्या होत्या, यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

मला ते कळायला दोन वर्षं लागली. तोवर ते नाव संपलं होतं.

'रीबूट' लिहिलं आणि फोन बंद पडला

अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, अमेरिकेत २००८च्या ऑक्टोबरमध्ये 'टी-मोबाइल जी-१' या नावाने विक्रीला आला. अँड्रॉइडचा कोड खुला होता, पण फोन खुला नव्हता. त्यातलं फर्मवेअर, म्हणजे फोन सुरू केल्यापासून त्याला चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, बदलायची मुभा मालकाला नव्हती. लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकता येतं, तसं इथे करता येत नव्हतं. त्यासाठी 'रूट', म्हणजे सर्वाधिकार लागतात.

ते एका हास्यास्पद चुकीमुळे मिळाले. जी-१च्या कीबोर्डवर तुम्ही जे टाइप कराल, ते पडद्यामागे रूटचे अधिकार असलेल्या एका शेललाही जात होतं. म्हणजे मित्राला मेसेजमध्ये 'रीबूट' असं लिहून एंटर दाबलं, की फोन खरोखरच रीबूट व्हायचा! गूगलने ही चूक लगेच दुरुस्त केली. पण दार एकदा उघडलेलं होतं. लोक मुद्दाम फोनवर जुनं, चूक असलेलं फर्मवेअर टाकायचे, त्या दारातून आत शिरायचे आणि मग हवं ते बसवायचे.

आत शिरलेल्यांपैकी 'जीझसफ्रीक' या टोपणनावाचा डेव्हलपर आपलं सुधारित फर्मवेअर सगळ्यांना वाटायचा. त्यावर आणखी काम करून स्टीव्ह कोंडिक नावाच्या प्रोग्रॅमरने स्वतःची आवृत्ती काढली. कोंडिकचं टोपणनाव होतं सायनोजेन. २००९च्या ऑगस्टमध्ये जीझसफ्रीकने काम थांबवलं आणि आपल्या वापरकर्त्यांना सायनोजेनमॉडकडे जायला सांगितलं.

पुढच्याच महिन्यात गूगलची कायदेशीर नोटीस आली. अँड्रॉइड खुलं असलं तरी जीमेल, मॅप्स, मार्केट (आजचं प्ले स्टोअर) ही ॲप्स गूगलची, बंद कोडची. ती वाटायचा हक्क सायनोजेनमॉडला नव्हता. तडजोड अशी झाली, की सायनोजेनमॉड ती ॲप्स वगळणार. वापरकर्त्याने आपल्या फोनवर मुळात असलेली ॲप्स बाजूला काढून ठेवायची आणि नवीन फर्मवेअरवर परत टाकायची.

हे प्रकरण वाचल्यावर मला 'खुलं' या शब्दाचा अर्थ पहिल्यांदा नीट कळला. फोन हा थरांचा बनलेला असतो. खाली प्रोसेसर, कॅमेरा, मोडेम यांचे ड्रायव्हर आणि बंद फायली. त्यावर लिनक्स कर्नल, जीपीएल लायसन्सखाली: घ्या, बदला, विका, पण बदललेला फोन किंवा फाइल लोकांना दिलीत तर बदललेला कोडही द्या. त्यावर अँड्रॉइड, बहुतांशी अपाचे लायसन्सखाली: घ्या, बदला आणि हवं तर बदल स्वतःकडेच ठेवा. सगळ्यात वर गूगलची ॲप्स, पूर्ण बंद. खुला भाग वरून आणि खालून बंद भागांत दाबला गेलेला, सँडविचमधल्या काकडीसारखा. २०१३च्या ऑगस्टमध्ये तर गूगलमध्येच अँड्रॉइडचा खुला प्रकल्प सांभाळणारे झाँ-बाप्तिस्त केरू त्या कामातून बाहेर पडले. गूगलच्याच नेक्सस ७ टॅबलेटच्या ग्राफिक्स चिपच्या बंद फायली वाटायची परवानगी मिळत नव्हती, आणि त्यांच्याविना खुला कोड त्यावर उपयोगाचा नव्हता.

किल्ली कुणाच्या खिशात?

बाहेरच्यांशी भांडण सोपं असतं, सगळे एका बाजूला असतात. घरातलं भांडण अवघड. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये सायनोजेनमॉडच्या टीमने जाहीर केलं, की त्यांचा वेबसाइटचा पत्ता टीममधल्याच एकाच्या ताब्यात आहे. त्याने कोंडिकच्या नावाने परस्पर व्यवहार केले आणि पत्ता सोडायला १०,००० डॉलर मागितले, असा टीमचा आरोप होता. टीम शेवटी डॉट कॉम सोडून डॉट ऑर्गवर गेली.

आपल्याकडे गणेश मंडळात असं होतं. वर्गणी सगळ्यांची, मेहनत सगळ्यांची. पण बँकेचं खातं, लाउडस्पीकर आणि गोदामाची किल्ली कुणा एकाकडे असते. सगळं गोडीत असतं तोवर ती किल्ली कुणाकडे आहे हे कुणी विचारत नाही. कोडचं लायसन्स कोडबद्दल बोलतं. वेबसाइटचा पत्ता, सर्व्हर, नाव, चिन्ह यांच्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

२०१३च्या सप्टेंबरमध्ये ही किल्ली एका कंपनीकडे गेली. कोंडिकने कर्ट मॅकमास्टरसोबत 'सायनोजेन इन्कॉर्पोरेटेड' काढली आणि ७० लाख डॉलरची गुंतवणूक मिळवली. हे वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं नोकरी सांभाळून फुकट राबणाऱ्या काही जणांना त्याच कामाचा पगार मिळू लागला. फोन रूट करायला घाबरणाऱ्या लाखो लोकांपर्यंत ते काम पोहोचलं. माझ्या रूममेटपर्यंत पोहोचलं ते त्यामुळेच.

पण मग, ज्यांना नोकरी मिळाली नाही त्यांच्या कामाचं काय? ठिणगी पडली ती 'फोकल' नावाच्या कॅमेरा ॲपवरून. ते लिहिणाऱ्या डेव्हलपरने ते जीपीएलखाली दिलं होतं. कंपनीला दुहेरी लायसन्स हवं होतं: लोकांसाठी जीपीएल राहील, शिवाय कंपनीला तोच कोड वेगळ्या अटींवर वापरता येईल. डेव्हलपरने नकार दिला आणि ॲप काढून घेतलं. कोंडिकचं उत्तर असं होतं, की सायनोजेनमॉडचा बहुतेक कोड आधीपासूनच अपाचे लायसन्सखाली आहे, यात तत्त्वाला बाधा येत नाही. कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं तर तो मुद्दा चुकीचा नव्हता. पण माणसं लायसन्स वाचून फुकट राबत नाहीत. हे आपलं आहे, असं वाटतं म्हणून राबतात.

नावाचा खटला

२०१४च्या एप्रिलमध्ये वनप्लसने आपला पहिला फोन आणला, सायनोजेनचं फर्मवेअर घेऊनच. मग सायनोजेन कंपनीने भारतापुरता मायक्रोमॅक्सशी वेगळा करार केला: इथे हे नाव फक्त मायक्रोमॅक्सच्या 'यू' फोनवर असेल. डिसेंबरच्या सुरुवातीला वनप्लस वन भारतात विक्रीला आला, त्याच्या पाठीवर सायनोजेनचा शिक्का तसाच. मायक्रोमॅक्स न्यायालयात गेली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात वनप्लसच्या विक्रीवर बंदी घातली. काही दिवसांत खंडपीठाने ती उठवली.

या खटल्यात कोड कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. कोड कुणीही घेऊ शकत होतं. भारतातला एखादा विद्यार्थी आपल्या वनप्लसवर सायनोजेनमॉड टाकायला मोकळाच होता. भांडण होतं ते नावाचं. ज्यांनी त्या नावाला किंमत मिळवून दिली होती, ते कुठल्याच बाजूने कोर्टात नव्हते.

पुढचं सगळं भराभर झालं. वनप्लसने स्वतःचं ऑक्सिजन ओएस काढलं. सायनोजेनमध्ये आणखी मोठी गुंतवणूक आली, मायक्रोसॉफ्टशी करार झाला, आणि २०१६च्या जुलैत माणसं कमी करायला सुरुवात झाली. नोव्हेंबरमध्ये खुद्द कोंडिक बाहेर पडला. २३ डिसेंबरला कंपनीने कळवलं, की ३१ तारखेपर्यंत सगळ्या सेवा बंद होतील. प्रत्यक्षात २५ तारखेलाच वेबसाइटचा पत्ता आणि कोड तपासण्याचा सर्व्हर बंद पडला.

मी सुट्टीत साताऱ्याला घरी होतो. तोवर माझ्या स्वस्तातल्या फोनला कंपनीने अपडेट देणं थांबवलं होतं आणि मी सायनोजेनमॉडवर जगत होतो. रोजची आवृत्ती उतरवायला गेलो तर पानच उघडेना. आईला म्हटलं, "नेट गेलंय." नेट गेलं नव्हतं.

कोड वाचला, कारण गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असते. आदल्याच दिवशी टीमने नवीन नाव जाहीर केलं होतं: लिनिएज ओएस. लिनिएज म्हणजे वंशपरंपरा. जुनं नाव कंपनीचं होतं, उद्या ती ते कुणालाही विकू शकली असती, म्हणून आठ वर्षांत कमावलेलं नाव टाकून द्यावं लागलं. आणि 'ही ओळ इथे का आहे' यावर सर्व्हरवर झालेल्या चर्चा? त्या गिटच्या प्रतीत नसतात.

माझी चोरी

कंपनीने कसा दगा दिला, हे मी तेव्हा होस्टेलमध्ये तावातावाने सांगायचो. मग २०१७मध्ये मी स्वतःच्या फोनसाठी लिनिएज बांधायला घेतलं. लॅपटॉपची रॅम पुरेना, म्हणून कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर, शिपाईमामांना विनवून, रात्री. पहिल्या तीन वेळा फोन बूटलूपमध्ये अडकला. चौथ्यांदा सुरू झाला, पण कॅमेरा चालेना.

माझ्या फोनच्या भावंड मॉडेलवर इंडोनेशियातल्या एका विद्यार्थ्याने काम केलेलं होतं. मी त्याच्या फायली उचलल्या, माझ्या फोल्डरमध्ये टाकल्या आणि 'पहिली कमिट' असं लिहून चढवल्या. त्याच्या पन्नासेक कमिट गायब झाल्या आणि सगळं काम माझ्या नावावर दिसू लागलं. या जगात याला 'कँग' म्हणतात आणि ती शिवी आहे.

लोक फोनवर टाकू लागले, धन्यवाद देऊ लागले, 'पुढची आवृत्ती कधी?' म्हणून मागे लागले. मी खुशीत. चार दिवसांनी त्याचा एका ओळीचा मेसेज आला: माझं नाव कुठे गेलं?

मला आधी रागच आला. लायसन्स खुलं आहे, कुणीही घ्यावं, कॉपीराइटची ओळ फायलीत तशीच ठेवली आहे, मग अडचण काय? हेच उत्तर मी टाइप केलं. पाठवण्याआधी रूममेटला दाखवलं. तो वाचून म्हणाला, "हे त्या कंपनीसारखं वाटतंय रे."

ते उत्तर मी खोडलं. दोन रात्री बसून त्याच्या कमिट एकेक करून परत आणल्या, प्रत्येकीवर त्याचं नाव, त्याची तारीख. माझ्या वाट्याला अकरा उरल्या. त्याला माफी लिहिली. त्याने फक्त अंगठ्याचा इमोजी पाठवला. तो राग होता की माफी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज मी पुण्यातच एका कंपनीत काम करतो. माझ्या जुन्या फोनवर अजून लिनिएज आहे, पण रोजचा फोन दुसरा, कारण बँकेची ॲप्स फर्मवेअर मूळचं आहे का हे तपासतात आणि लिनिएजवर बऱ्याचदा चालत नाहीत. ती तपासणी चुकवायच्या युक्त्या आपल्या फर्मवेअरमध्ये घालायच्या नाहीत, अशी लिनिएजची भूमिका आहे, आणि त्यावरूनही लोक भांडतात. फोन आपला, पण चहाचे वीस रुपये द्यायला दुसऱ्याची परवानगी.

रूममेटचा युरेका त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. मागच्या दिवाळीत तो म्हणाला, "बघ रे, याच्यावर काही टाकता येतं का." शोधलं तर त्या मॉडेलसाठी कुणी कुणी केलेलं काम अजून सापडतं. मी आधी कमिटची यादी उघडली आणि नावं वाचत बसलो. अर्धी टोपणनावं आहेत. खूप जण आता तिथे नाहीत. पण कुठली ओळ कुणाची, ते अजून लिहिलेलं आहे.