ज्यूलिएटचे चौदावे वर्ष

मुहूर्त टळलेल्या लग्नाची एक कथा आपल्या भागात घरोघर ठाऊक आहे. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा विवाह परळीच्या वैद्यनाथाशी ठरला, देवांचे वऱ्हाड निघाले. पण वेळ टळली, वऱ्हाड जागच्या जागी पाषाण झाले आणि देवी कुमारिकाच राहिली. हत्तीखान्याच्या लेण्यातील दगडी हत्ती दाखवून ही कथा आजही सांगतात. लग्न राहिले म्हणून देवीला काही उणेपणा आला असे कोणी मानीत नाही. कुमारिका म्हणूनच आपण तिला हात जोडतो. आज आम्ही ज्या शोकांतिकेविषयी बोलणार आहोत तिच्यात मुहूर्त टळत नाही. तो अलीकडे ओढला जातो, आणि त्या घाईत एका मुलीचा जीव जातो.

शेक्सपिअरचे ‘रोमिओ आणि ज्यूलिएट’ १५९७ साली प्रथम छापले गेले. कथा त्याची स्वतःची नव्हे. इटलीच्या बांदेल्लोने ती सांगितली तेव्हा नायिका अठराच्या घरात होती. आर्थर ब्रूक या इंग्रज कवीने १५६२ साली तिला सोळाच्या आसपास आणले. शेक्सपिअरने तिचे वय आणखी उतरविले. त्याच्या ज्यूलिएटला चौदा पुरी होण्यास पंधरवड्याहून थोडे अधिक दिवस आहेत. ब्रूकच्या काव्यात महिनोन्‌महिने चालणारी कथा त्याने रविवार ते गुरुवार अशा पाच दिवसांत कोंबली. पोर लहान आणि वेळ थोडा, हे त्याने जाणूनबुजून केले असले पाहिजे.

या नाटकाविषयी सर्वसाधारण समजूत अशी की, प्रेमात पडल्याने ज्यूलिएटचे बालपण संपले. आम्हांला हे पटत नाही. प्रेम तिने केले, गुपचूप लग्नही केले. तरी तोपर्यंत तिचे मन मुलीचेच होते. मनातले सारे ती दाईला सांगत होती. निरागसपणा म्हणजे अज्ञान नव्हे. आपल्या घरची माणसे आपले ऐकतील हा विश्वास म्हणजे निरागसपणा. तो केव्हा गेला, हे नाटकात स्पष्ट दिसते.

रविवारी बाप शहाण्यासारखा बोलतो. पॅरिस हा थोर कुळातला वर मागणी घालतो, तेव्हा बाप म्हणतो, पोर लहान आहे, आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या, आणि आधी तिचे मन मिळवा. सोमवारी रस्त्यात मारामारी होऊन घरचा तरुण भाचा ठार होतो. त्याच रात्री हा बाप मुलीला न विचारता गुरुवारचे लग्न ठरवून टाकतो. मंगळवारी सकाळी ती नकार देते. बाप घराबाहेर काढण्याची धमकी देतो. आई पाठ फिरविते. ही आईसुद्धा साधारण याच वयात आई झालेली होती. उरली दाई. तिच्या अंगावर ज्यूलिएट वाढली. तीही सांगते, मुकाट्याने पॅरिसशी लग्न कर. त्या क्षणी ज्यूलिएट वाद घालीत नाही. पापनिवेदनाला जाते असे खोटे सांगून ती बाहेर पडते. तिचे बालपण इथे संपले. पुढे बाप गुरुवारचे लग्न बुधवारवर आणतो, ती त्याच रात्री औषध घेते, आणि साथीच्या संशयाने निरोप्या अडकून पडल्यामुळे रोमिओला खरी हकीकत कळत नाही.

ही कथा मराठीत लवकर आली. १८८२ साली नारायण बापूजी कानिटकरांनी ‘शशिकला आणि रत्नपाळ’ हे रूपांतर केले. याच कानिटकरांनी पुढे १८८६ साली ‘तरुणी-शिक्षण-नाटिका’ लिहून शिकणाऱ्या मुलींची थट्टा केली! मधल्या काळात, १८८४ साली, मुंबईत रखमाबाईंवर खटला उभा राहिला. अकराव्या वर्षी झालेले लग्न त्यांना मान्य नव्हते. १८८७ साली न्यायालयाने बजावले, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि १९५५ पर्यंत जगल्या. ज्यूलिएट आणि रखमाबाई यांत फरक धैर्याचा नव्हे. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुलीच्या नकाराला आधार दिला होता.

कायदा मागाहून आला. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलींसाठी लग्नाचे वय चौदा ठरविले. ज्यूलिएट जे वय गाठू शकली नाही, तेच. परळी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती, ब्रिटिश मुलखाचा तो कायदा इथे चालत नव्हता. पुढे १९४९ साली पंधरा आणि १९७८ साली अठरा ही मर्यादा आली.

तरी २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्याचा आकडा काय निघाला? वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली होती. राज्याच्या सरासरीच्या हे प्रमाण सुमारे दुप्पट. कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. दसऱ्यानंतर आईबाप ऊसतोडीला निघतात; वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय नवराबायको मिळून एक कोयता, त्यावर उचल मिळते. या आईबापांना आम्ही निर्दय म्हणणार नाही. ज्यूलिएटचा बापही निर्दय नव्हता. तो भ्यालेला होता. घरावर संकट आले की आधी मुलीचे उरकून टाकावे, हीच त्याची समजूत.

म्हणून भीती दूर केल्यावाचून केवळ उपदेशाचा उपयोग नाही. हंगामी वसतिगृह नीट चालते की नाही, तिथे मुलगी सुरक्षित आहे की नाही, याची चौकशी गावाने करावयास हवी. आणि घरात एखादी मुलगी ‘नको’ म्हणाली, तर निदान एका वडीलधाऱ्याने तिच्या बाजूने उभे राहावे. त्या बापाने रविवारी दोन उन्हाळे थांबण्याचा शब्द काढला होता. तो शब्द सोमवारी टिकला असता, तर ज्यूलिएटचे चौदावे वर्ष पुरे झाले असते.