ब्लड कॅन्सरची गोळी सुरू आहे, कामावर परतायचंय : थकवा, हलकं काम, रजा आणि दोन्ही राज्यांतल्या योजनांची माहिती

आदिलाबाद : रक्ताच्या कर्करोगाचे नाव काढले की घरात रडारड सुरू होते. पण या रोगाचे सगळे प्रकार सारखे नसतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजेच सीएमएल, हा त्यातला सावकाश वाढणारा प्रकार. आज त्याचे बहुतेक रुग्ण रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षे जगतात, शेती करतात, दुकान चालवतात, शाळेत शिकवतात. भारतात हा आजार अनेकदा पस्तिशी-चाळिशीतच, ऐन कमावत्या वयात सापडतो. त्यामुळे पहिली भीती ओसरली की घरात दुसरा प्रश्न उभा राहतो : कामावर परत कधी जायचं, आणि अंगात जीवच नाही त्याचं काय?

आदिलाबाद, बेला, जैनद, तामसी भागात आणि राज्याच्या सीमेपलीकडे किनवट, पांढरकवड्यात कमाई मुख्यतः कापसावर आहे. निंदण, फवारणी, वेचणी, जिनिंग, मार्केट यार्डातली हमाली ही सगळी अंगमेहनतीची कामे. एक दिवस खाडा पडला की त्या दिवसाची रोजी गेली. म्हणून काही रुग्ण सोपा वाटणारा पण धोक्याचा मार्ग धरतात. गोळीने गळाल्यासारखं होतं म्हणून वेचणीच्या दिवसांत गोळीच बंद ठेवतात. काम जमत नसेल तर कामात बदल करता येतो. गोळीत स्वतःच्या मनाने बदल करता येत नाही.

गोळी कुठून आली, स्वस्त कशी झाली

सीएमएलमध्ये 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचे बिघडलेले जनुक तयार होते आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. हा आजार संसर्गाने पसरत नाही, आईबापाकडून मुलांकडेही येत नाही. त्यामुळे रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याची किंवा कामावर त्याला बाजूला बसवण्याची काहीच गरज नाही.

या जनुकाचे काम रोखणाऱ्या इमॅटिनिब गोळीला अमेरिकेत मे 2001 मध्ये मान्यता मिळाली. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या मूळ गोळीचा खर्च भारतात महिन्याला सव्वा लाख रुपयांच्या घरात होता. हैदराबादच्या नॅटको फार्मासह काही भारतीय कंपन्यांनी तेच औषध बनवले आणि त्या काळी ते महिन्याला आठ-दहा हजारांत मिळू लागले. पेटंटच्या लढाईत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रुग्णांच्या बाजूने उतरली. 1 एप्रिल 2013 रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने नोव्हार्टिसची मागणी फेटाळली आणि स्वस्त गोळीचा रस्ता मोकळा राहिला. आज इमॅटिनिब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून जनऔषधी केंद्रांच्या यादीतही आहे.

थकवा म्हणजे आळस नव्हे

दिवसभर वेचणी करून आलेला थकवा रात्रीच्या झोपेने जातो. या आजारातला थकवा तसा नसतो. झोप पुरी झाली तरी अंग उचलत नाही, दोन पायऱ्या चढलं की बसावंसं वाटतं, हिशेबात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, "आता तर रिपोर्ट चांगला आलाय, मग कशाला झोपून राहतो?" रिपोर्ट चांगला असूनही थकवा राहू शकतो. त्याची कारणे अनेक आहेत आणि बरीचशी तपासून सापडतात :

- रक्त कमी असणे. पुरुषांत हिमोग्लोबिन 13 आणि स्त्रियांत 12 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. तो आजाराने होतो, गोळीने होतो, किंवा आधीच्या लोहाच्या कमतरतेनेही असू शकतो. या भागातल्या काही समाजांत सिकलसेलही आढळतो, तोही तपासून घ्यावा.
- गोळीचा स्वतःचा परिणाम. पायात गोळे येणे, डोळ्यांभोवती सूज, मळमळ, जुलाब यांनी झोप मोडते आणि जेवण कमी होते.
- थायरॉइड मंदावणे, साखर वाढणे, बी-12 किंवा ड जीवनसत्त्व कमी असणे.
- मनाची चिंता आणि उदासी. कर्ज, मुलींची लग्नं, "किती दिवस जगणार" हा विचार. यावरही उपचार आहेत.

म्हणून "थकवा येतो" एवढेच डॉक्टरांना सांगून भागत नाही. दोन आठवडे वहीत लिहून ठेवावे : गोळी किती वाजता घेतली, कधी जास्त गळाल्यासारखं झालं, त्याआधी काय काम केलं, झोप किती झाली. हे पान दाखवले की डॉक्टरांना कारण शोधायला मदत होते.

गोळी चुकली तर काय होते

लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या 87 रुग्णांवरचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी 90 टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात आजार खोलवर आटोक्यात येण्याची सहा वर्षांतली शक्यता सुमारे 94 टक्के होती. ज्यांनी 90 टक्के किंवा त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ती सुमारे 28 टक्के. महिन्याच्या तीस गोळ्यांपैकी तीन चुकल्या की माणूस नव्वद टक्क्यांवर येतो. आजार हाताबाहेर गेला तर तो तीव्र अवस्थेत जातो आणि मग ही साधी गोळी पुरत नाही.

इमॅटिनिब साधारणपणे दिवसातून एकदा, जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाणी पिऊन घेतात. सकाळी घेतल्यावर मळमळ होऊन काम सुचत नसेल, तर रात्रीच्या जेवणासोबत घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. बऱ्याच जणांचा दिवस एवढ्यानेच सुधारतो. निलोटिनिबचा नियम उलटा आहे, ती उपाशीपोटी घ्यायची असते. दुसऱ्याचे ऐकून वेळ बदलू नये. त्रास फार असेल तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात.

टीबीचे रिफाम्पिसिन सुरू झाले तर इमॅटिनिबचा असर कमी होतो. जडीबुटी, काढा, दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी यांचीही माहिती डॉक्टरांना द्यावी. मूल हवे असलेल्या बायकांनी आधी डॉक्टरांशी बोलावे, कारण हे औषध गर्भाला अपायकारक आहे.

काही रुग्णांची गोळी पुढे बंद करता येते, हे खरे आहे. पण त्यासाठी अनेक वर्षांचे उपचार, दीर्घकाळ अगदी खाली राहिलेला रिपोर्ट आणि त्यानंतर वारंवार तपासणी लागते. तो निर्णय डॉक्टरांचा.

कामावर परतायचे केव्हा

ठरावीक तारीख नसते. तीन गोष्टी पाहतात : पेशींची संख्या आटोक्यात आली का, पांथरी ओसरली का, आणि ताप किंवा रक्तस्राव नाही ना. सुरुवातीला पांथरी खूप वाढलेली असते. तेव्हा पोती उचलणे किंवा पोटाला मार बसेल असे काम करू नये, पांथरी फुटण्याचा धोका असतो.

पुढे आजार आटोक्यात आहे का, हे बीसीआर-एबीएल तपासणी सांगते. ती सुरुवातीला दर तीन महिन्यांनी करतात. तीन महिन्यांत आकडा 10 टक्क्यांपर्यंत, सहा महिन्यांत 1 टक्क्यापर्यंत आणि वर्षभरात 0.1 टक्क्यापर्यंत उतरणे अपेक्षित असते. साध्या रक्ततपासणीत पेशी नॉर्मल दिसल्या म्हणून ही तपासणी टाळू नये.

परतताना एकदम पूर्ण दिवस न धरता आधी अर्धा दिवस, मग पाऊण, मग पूर्ण अशी चढण ठेवावी. नुसते पडून राहिल्याने थकवा कमी होत नाही, उलट स्नायू आणखी सैल पडतात. रोज थोडे चालणे आणि ते हळूहळू वाढवणे हा कर्करोगातल्या थकव्यावरचा चांगला तपासलेला उपाय आहे.

- शेतात : जड काम सकाळच्या गारव्यात, दुपारी सावलीत विश्रांती. आदिलाबादच्या उन्हाळ्यात जुलाब-उलटी होत असताना उन्हात राबणे टाळावे. फवारणी दुसऱ्याकडे सोपवावी. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट मजूरही दगावले होते.
- गुत्त्याच्या कामात : टोळीच्या वेगाने चालणे जमत नसेल तर वजन-काटा, हिशेब, पाणी-जेवणाची व्यवस्था अशी कामे मागावीत.
- जिनिंग किंवा यंत्रावर : प्लेटलेट कमी असताना छोटी जखमही जास्त वाहते. चक्कर येत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर यंत्र आणि गाडी दोन्हीपासून लांब राहावे.
- शाळा, ऑफिस, दुकान : उभे राहायचे तास कमी, अवघड काम सकाळी, मध्ये पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती.

मालकाला किंवा साहेबाला सगळा रिपोर्ट दाखवण्याची गरज नाही. "अमुक आठवडे हलके काम द्यावे, तपासणीसाठी तीन महिन्यांतून एकदा सुट्टी लागेल" एवढे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र बहुतेक ठिकाणी पुरते.

कायद्यात काय आहे, काय नाही

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आहेत, ल्युकेमिया नाही. त्यामुळे सीएमएलच्या रुग्णाला केवळ या आजारावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. हलके काम बहुतेकदा बोलून, समजावूनच मिळवावे लागते. बाकीचे आधार असे :

- पगारातून ईएसआय कापला जात असेल तर साध्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. कर्करोग दीर्घ आजारांच्या यादीत आहे. सेवेच्या आणि वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो.
- पीएफ खात्यातून आजारपणासाठी रक्कम काढता येते.
- सरकारी नोकरांना वैद्यकीय दाखल्यावर अर्धपगारी रजा परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते.

हैदराबाद की नागपूर?

आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग 44 ने नागपूर सुमारे 200 किलोमीटर, हैदराबाद सुमारे 300. नागपूर जवळ आणि भाषा आपली, म्हणून बरेच जण तिकडे जातात. पण आधी कार्ड पाहावे.

तेलंगणात आरोग्यश्रीची मर्यादा डिसेंबर 2023 पासून कुटुंबाला वर्षाला 10 लाख रुपये आहे. ती योजनेतल्या रुग्णालयांतच चालते. हैदराबादला एमएनजे कॅन्सर हॉस्पिटल आणि निम्स ही मोठी सरकारी ठिकाणे आहेत. महाराष्ट्राचे रेशनकार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मुंबईत टाटा हॉस्पिटल. आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरच्या संलग्न रुग्णालयातही चालते. गोळी दर महिन्याला योजनेतून मिळणार का आणि बीसीआर-एबीएलचा खर्च कोण देणार, हे उपचार सुरू होण्याआधी आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. मध्येच राज्य बदलले की कागद पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात आणि त्या गडबडीत गोळीचा खंड पडतो.

दरवेळी तपासणीला एवढ्या लांब जायलाच हवे असे नाही. साधी रक्ततपासणी आदिलाबादच्या रिम्समध्ये करून रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना दाखवता येतो. असे चालेल का, हे त्यांनाच विचारावे. रोजी बुडणे तेवढे कमी होते.

प्रवासात रेल्वे उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत देते, सोबत्याला 75 टक्के. त्यासाठी रुग्णालयाने भरलेला फॉर्म लागतो. कृष्णा एक्स्प्रेस सिकंदराबादकडे आणि नंदीग्राम एक्स्प्रेस मुंबईकडे जायला सोयीची. तेलंगणातल्या महिलांना पल्लेवेलुगू आणि एक्स्प्रेस बस राज्याच्या हद्दीपर्यंत मोफत आहे. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना अर्धे तिकीट.

कामच करता येत नाही अशी वेळ आली, तर महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्या पात्र आजारांत कर्करोग आहे. अर्ज तहसीलमध्ये करावा.

काम सोडून लगेच दवाखाना गाठावा अशी लक्षणे

100.4 अंश किंवा जास्त ताप, नाका-हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग, दम लागणे, दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढणे, डाव्या बरगडीखाली अचानक तीव्र दुखणे. डसॅटिनिब घेणाऱ्यांनी दम लागण्याकडे विशेष लक्ष द्यावे, त्या गोळीने छातीत पाणी साचू शकते.

रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत 108. आयुष्मान कार्डाच्या चौकशीसाठी 14555, महाराष्ट्रातल्या फुले योजनेसाठी 155388.