'लूट' शब्दाची कुळकथा

इंग्रजी भाषेंत युद्धाच्या किंवा दंग्याच्या धामधुमींत परवित्त हरण करणें यास आपलेंच 'लूट' हें क्रियापद रूढ आहे. संस्कृत 'लुण्ट्' धातूशीं नातें सांगणारा हा शब्द कंपनीच्या गोऱ्यांनीं हिंदुस्थानींतून उचलला. १७८८ सालच्या एका इंग्रजी शब्दसंग्रहांत तो अर्थासह आढळतो. पुढें १८३९-४२ चें चीनचें युद्ध व १८५७ चा उठाव यांच्या वार्तांबरोबर तो विलायतेंत सर्वतोमुखी झाला.

यावरून कोणी म्हणेल कीं, शब्द येथून गेला तेव्हां तें पापहि येथूनच गेलें असावें. परंतु हें अनुमान टिकत नाहीं. त्याच अर्थाचा 'प्लंडर' हा जुना इंग्रजी शब्द मूळचा जर्मन. सतराव्या शतकांतील तीस वर्षांच्या युद्धाच्या काळीं तो इंग्लंडांत आला. शब्द दोनदां उसने घेतले, म्हणून कृत्यहि उसनें होतें असें नव्हे. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडलें, तेव्हां लूट करणाऱ्या कांहीं शिपायांस फांशीं दिलें. आणि टिपूच्या खजिन्याची मात्र हुद्द्याप्रमाणें रीतसर वांटणी झाली. तिला 'लूट' न म्हणतां 'प्राइझ' असें सोज्ज्वळ नांव मिळालें.

हाच न्याय आम्हीं आपल्या घरासहि लावला पाहिजे. बुलढाणें जिल्ह्यांतील मलकापूरनें १७६१ सालीं राघोबादादांच्या फौजेस ६०,००० रुपये भरले, ते गांव लुटलें जाऊं नये म्हणून. अशा रकमेस आमच्या इतिहासांत 'खंडणी' म्हणतात. 'प्राइझ'हून हें नांव फारसें निराळें नाहीं. दादांच्या १७५८ च्या पंजाब-स्वारीचा अभिमान आम्ही बाळगतों. तो खुशाल बाळगावा. मात्र मलकापूरचा हा आंकडाहि त्याच वहींत मांडला पाहिजे.

या क्रियापदाचा एक उजळ अर्थ मराठीनें जपला आहे. दसऱ्यास आपट्याचें सोनें लुटावयाचें तें आप्तेष्टांस वांटण्यासाठीं. आणि संक्रांतीस सुवासिनी वाण लुटतात, तेथें तर लुटणें म्हणजे निखळ देणेंच. हा अर्थ इंग्रजीनें नेला नाहीं. आम्हांपाशीं दोन्ही अर्थ राहिले, आणि म्हणूनच एक प्रश्नहि राहिला : तें द्रव्य मोजून दिल्यानंतरच्या दसऱ्यास मलकापूरकरांनीं सोनें कोणत्या मनानें लुटलें असेल?