उजेड, जासूद आणि हेल्मेटमधला आवाज

सभासदाच्या बखरीत कोंढाण्याच्या प्रसंगाचे जे वर्णन येते, त्यात दोन निरोप आहेत. पहिला सर्वांच्या ध्यानात राहतो, दुसरा सहसा निसटतो. फेब्रुवारी १६७० मध्ये गड हाती आल्यावर मावळ्यांनी पागेला आग लावली आणि तो उजेड शिवाजी महाराजांनी राजगडावरून पाहिला, हा पहिला. तानाजी मालुसरे पडल्याचे वर्तमान दुसऱ्या दिवशी जासुदाने आणले, हा दुसरा. सिंहगड ते राजगड हे सरळ रेषेतले अंतर सुमारे १५ किलोमीटर. उजेडाने ते क्षणात ओलांडले, पण गड घेतला यापलीकडे त्याला काही सांगता आले नाही. किंमत सांगण्यासाठी एका माणसाला एक डोंगर उतरून दुसरा चढावा लागला. ही बखर घटनेनंतर पाव शतकाने जिंजीला लिहिली गेली, तेव्हा तिच्यातील तपशिलांना जपूनच हात लावायला हवा. तरी निरोपांच्या ह्या दोन जातींमधला फरक बखरकाराने नेमका ओळखला होता, असे आम्हांस वाटते.

हे आठवण्याचे कारण मात्र अगदी गद्य आहे. भोर आणि वेल्हे ह्या तालुक्यांत (वेल्ह्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली) आम्ही दोघे सहकारी सुट्टीच्या दिवशी आपापल्या मोटारसायकलींवर हिंडतो आणि गेली दोन वर्षे आमच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम आहे.

तो बसवणे हे अर्ध्या तासाचे काम. गालाशी असणाऱ्या गाद्या काढायच्या, कानांच्या खोबणीत चपटे स्पीकर वेल्क्रोने चिकटवायचे, माइक ओठांसमोर आणायचा, तारा अस्तराखाली दडवायच्या आणि मूळ यंत्र हेल्मेटच्या डाव्या अंगाला अडकवायचे. डाव्या, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर गुंतलेला असतो. खरे कौशल्य स्पीकरच्या जागेत आहे. तो कानापासून बोटभर सरकला, तरी वाऱ्याच्या घोंघावण्यात शब्द बुडतात.

ह्या यंत्रातील ब्लूटूथचे नाव साहित्याच्या अभ्यासकाने ठाऊक करून घ्यावे असे आहे. १९९७ च्या सुमारास इंटेलचे जिम कार्डाक आणि एरिक्सनचे स्वेन मॅटिसन यांच्यात इतिहासावर गप्पा रंगल्या. त्यांत फ्रान्स बेंग्टसन ह्या स्वीडिश लेखकाच्या व्हायकिंगांवरील कादंबरीचा विषय निघाला आणि पुढे कार्डाक यांनी दहाव्या शतकातील डॅनिश राजा हाराल्ड ब्लूटूथ याचे नाव सुचवले. विखुरलेल्यांना एकत्र आणणारा राजा, म्हणून विखुरलेल्या यंत्रांना जोडणारे तंत्र. चिन्हातही त्याच्या आद्याक्षरांची रून लिपीतील जोड आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या वाट्याला अजून असे भाग्य आलेले नाही. असो.

खानापूरकडून पाबे घाटाने वेल्ह्यात उतरताना ह्या यंत्राची मर्यादा कळते. वेष्टनावर छापलेले किलोमीटर मोकळ्या माळावरचे असतात. मध्ये डोंगराची सोंड आली, की पुढचा माणूस दोनशे मीटरवर असूनही वाक्य तुटते, आणि वळण संपताच उत्तरार्धासह परत येते. रेडिओलहरींनाही बव्हंशी नजरेची वाट लागते. राजगडावरून पागेची आग दिसली ती मध्ये डोंगर आडवा नव्हता म्हणून, हे घाटमाथ्यावर उभे राहिले की पटते.

मराठीत आवाजाला अंतराप्रमाणे नावे आहेत. कुजबुज कानाशी, हाक अंगणापर्यंत, हाळी शेताच्या बांधापलीकडे, आरोळी खोऱ्याच्या पैल. डबलसीट बसणाऱ्याचे बोलणे हा यांतलाच एक बिननावाचा प्रकार होता: खांद्यावर थाप, कानाशी ओरडणे, मग “काय?” आणि अखेर “जाऊ दे, नंतर सांगतो.” त्या ‘नंतर’साठी चहाची टपरी असे. इंटरकॉमने साऱ्याची कुजबुज केली. “सर, डावीकडे खड्डा,” हे उपयोगाचे. पण टपरीवर पोहोचेपर्यंत सगळे बोलून झालेले असते, आणि आम्ही दोघे शेंगदाणे सोलत बसतो.

गेल्या मार्गशीर्षात भोरहून वरंधा घाटाकडे जाताना, हिरडोशीच्या अलीकडे, आमच्यापैकी एकाच्या आईच्या निधनाचा फोन आला. फोन इंटरकॉमला जोडलेला होता, म्हणून तो हेल्मेटातच वाजला आणि आपोआप उचलला गेला. हात हँडलवर, नजर वळणावर, आणि आवाज थेट कानात. घरातला फोन हातात घेण्याआधी माणूस निदान दोन पावले चालतो. इथे तीही नव्हती. फोन आला, की ह्या यंत्रात दोन स्वारांमधली बोलण्याची वाट बंद होते. त्यामुळे पुढे असलेल्याला काहीच ऐकू आले नाही. वळणावळणाला वाट तुटतच असते, तशीच ही तुटली असेल असे वाटण्याजोगी ती शांतता होती. आरशात मागचा दिवा दिसेना, तेव्हा गाडी वळली. मागची गाडी नीरा देवघरच्या पाण्याकडेला स्टँडवर नीट लावलेली होती, इंजिन चालूच होते, आणि हेल्मेट अजून डोक्यावर होते.

भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत पंतसचिवांचे होते. सचिव म्हणजे सुरनीस. राजपत्रे रवाना होण्याआधी त्यांतील मजकूर तपासणे, अधिकउणे अक्षर शुद्ध करणे हे त्याचे काम. बातमी आणि ती ऐकणारा कान यांच्यामध्ये एक माणूस बसवण्याची ही व्यवस्था आम्ही वर्गात कारभाराचा तपशील म्हणून शिकवत आलो आहोत.

हेल्मेट अजून एकमेकांना जोडलेली आहेत. फोन मात्र निघण्याआधी बंद करून पिशवीत जातात आणि भोरच्या एस. टी. स्थानकासमोर, गाड्या उभ्या करून, हेल्मेट काढल्यावर चालू होतात.