चित्तसंभूत जातक ते ‘फँड्री’ : एका गर्भितार्थाचा इतिहास

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी आज दोन वास्तू शेजारी शेजारी उभ्या आहेत : एक बुद्ध विहार आणि दुसरे, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे स्मारक. वर डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. तेथील शिलालेखांत भिक्खुसंघाला दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. एका लेखात राजाची थोरवी सांगताना अर्जुन व भीमसेन यांची नावे उपमेदाखल येतात. परंतु ही लेणी पांडवांनी कोरली असे एकही लेख सांगत नाही. तरीही लोकांच्या तोंडी ‘पांडवलेणी’ हेच नाव रुळले. लेख एक सांगतो आणि लोकांची जीभ दुसरेच सांगते. अशा वेळी वाचकाने अर्थ कोठे शोधावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पालि परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात सुत्तांचे दोन प्रकार मानलेले दिसतात. ज्याचा अर्थ सरळ व निश्चित आहे ते ‘नीतत्थ’ आणि ज्याचा अर्थ उलगडून काढावा लागतो ते ‘नेय्यत्थ’. जो नेय्यत्थाला नीतत्थ समजतो तो तथागतांवर मिथ्या आरोप करतो. जो नीतत्थाला नेय्यत्थ ठरवितो तोही तोच दोष करतो. म्हणजे दडलेला अर्थ न पाहणे ही चूक आहे आणि नसलेला अर्थ लादणे हीही तेवढीच मोठी चूक आहे.

याचे उदाहरण त्रिरश्मीवरच सापडते. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील लेख आहे. राजमाता गौतमी बलश्री हिने हे लेणे भदावनीय निकायाच्या भिक्खूंना दान दिले, हा त्याचा उघड अर्थ. परंतु त्याच लेखात तिच्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती करताना त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला असे अभिमानाने नोंदविले आहे. भिक्खुसंघासाठी कोरलेल्या लेण्याच्या भिंतीवर वर्णरक्षणाचा हा गौरव आहे. केवळ दान वाचून समाधान मानणारा वाचक अर्धाच लेख वाचतो. बौद्ध लेण्यातील प्रत्येक ओळ बुद्धविचाराची असते असे नाही, हा धडा आपल्याला येथे मिळतो.

ज्या वर्णव्यवस्थेचा तो लेख गौरव करतो, ती सोसणाऱ्यांची बाजू चित्तसंभूत जातकात (क्रमांक ४९८) आली आहे. त्यातील गाथा तिपिटकात आहेत आणि गद्य कथा अट्ठकथेत आहे. अवंती देशात चित्त आणि संभूत हे दोन चांडाळ तरुण असतात. चित्त हा बोधिसत्त्व. त्यांच्या दर्शनाने अपशकुन झाला म्हणून श्रेष्ठीची व पुरोहिताची कन्या सुगंधी पाण्याने डोळे धुऊन माघारी फिरतात, आणि खाण्यापिण्याला मुकलेला जमाव या दोघांना बेदम मारतो. तेव्हा ते जात लपवून, ब्राह्मणाच्या वेषात, तक्षशिलेला विद्या शिकण्यास जातात. एका भोजनप्रसंगी गरम घासाने संभूताचे तोंड पोळते आणि नकळत तो आपल्या घरच्या भाषेत उद्गारतो. चित्तही त्याच भाषेत उत्तर देतो. तेवढ्यावरून त्यांची जात ओळखली जाते आणि त्यांना हाकलून दिले जाते. विद्येत ते कोठेही कमी पडलेले नसतात. भाजलेल्या जिभेवर मात्र आईची भाषाच आली.

कथा येथे संपत नाही. पुढील एका जन्मी संभूत राजा होतो. राज्याभिषेकाच्या दिवशी त्याला आपला चांडाळ-जन्म आठवतो आणि तो दोन गाथा गातो. राजाचे आवडते गीत म्हणून सारे नगर ते गाऊ लागते. अर्थ मात्र कोणालाच ठाऊक नसतो. बऱ्याच वर्षांनी प्रव्रजित चित्त राजोद्यानात येतो. लाकडे गोळा करणाऱ्या एका मुलाच्या तोंडी ते गीत ऐकून तो त्याला उत्तराची गाथा शिकवितो. ती ऐकताच राजा आपल्या भावाला ओळखतो. वाङ्मयातील गर्भितार्थ कसा जगतो, याचे याहून नेमके वर्णन प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. गीत सर्वांच्या तोंडी असते. त्यामागची वेदना जाणणारा एखादाच असतो.

जात लपविण्याची ही कथा मराठीत पुन्हा लिहिली गेली ती नाशिकच्याच भूमीतून. बाबुराव बागूल यांचा जन्म १९३० साली नाशिकजवळच्या विहितगाव येथे झाला. त्याच वर्षी २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतील नायक रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि राहायला जागा मिळावी म्हणून जात उघड करीत नाही. ती उघड होताच त्याला मारहाण होते आणि एक सहकारी त्याला वाचवितो. चित्त-संभूतांचीच ही गत आहे. बागुलांनी हे जातक वाचले होते असा दावा येथे करावयाचा नाही. व्यवस्था तीच राहिली, म्हणून कथाही तीच राहिली.

या शीर्षकातील ‘चोरणे’ हे क्रियापद मात्र बारकाईने पाहिले पाहिजे. समाजाच्या दृष्टीने नायक चोर आहे, कारण त्याने न दिलेला मान घेतला. परंतु मराठीत आपण ‘अंग चोरणे’, ‘नजर चोरणे’ असेही म्हणतो. तेथे चोरणे म्हणजे भीतीने आखडून घेणे. एकाच शब्दात आरोप आहे आणि आरोपीचे दुःखही आहे. हा नेय्यत्थ आहे, आणि तो शब्दाच्या आतूनच निघतो, बाहेरून आणावा लागत नाही.

चित्रपटालाही हीच कसोटी लागू पडते. फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. सत्यनिष्ठा हा त्या पुराणकथेचा उघड अर्थ. पण राजाच्या अधःपाताची परिसीमा कथेने कशात मानली? स्मशानात चांडाळाचा दास होण्यात. प्रेक्षकाचे अश्रू राजासाठी आहेत. जो जन्मभर त्याच स्मशानात राबतो त्याच्यासाठी नाहीत. जातकात बोधिसत्त्व स्वतः चांडाळ आहे. येथे चांडाळ केवळ दुःख मोजण्याचे माप आहे. येथे फाळके यांना दोष देण्याचा हेतू नाही. पिढ्यान्पिढ्या ऐकलेल्या कथेत काय गृहीत धरले होते, ते पाहावयाचे आहे.

शंभर वर्षांनी, २०१३ साली, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. कैकाडी कुटुंबातील जब्या डुकरे पकडताना शाळासोबत्यांच्या नजरेपासून स्वतःला लपवू पाहतो. पकडलेले डुक्कर खांद्यावरून नेले जाते तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे दिसतात. त्यांत बाबासाहेबही आहेत. कोणी भाष्य करीत नाही, भिंतच बोलते. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतील शब्द आहे, अर्थ डुक्कर. जी घरची भाषा तोंडून निसटल्याने संभूत पकडला गेला, तशीच घरची भाषा येथे चित्रपटाचे नाव होऊन चित्रगृहावर झळकली. अर्थ विचारण्याची पाळी या वेळी इतरांवर आली.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्यासाठी बुद्धिसंगतता आणि मानवी कल्याण या कसोट्या पुढे ठेवल्या. वाङ्मय आणि चित्रपट यांचे वाचनही याच शिस्तीने झाले पाहिजे. ‘ही तर करमणूक आहे’ असे म्हणणारा नेय्यत्थ गमावतो. प्रत्येक चित्रात हवा तो अर्थ पाहणारा नीतत्थ बिघडवितो. विहारांतील वाचनवर्गांनी एखादे जातक, एखादी कथा, एखादा चित्रपट शेजारी ठेवून असा अभ्यास करावा. आपल्या पूर्वजांचे गीत कितीतरी लोक अर्थ न कळता गात आले आहेत. उत्तराची गाथा शिकून ती राजापर्यंत नेणारा मुलगा राजपंडित नव्हता, लाकडे गोळा करणारा होता, याचे स्मरण या अभ्यासात असावे.